आबांचा पाणकोट

परवा बारामतीच्या एसटी स्टँडवर कॉलेजची एक मुलगी रांगेत माझ्या पुढं उभी होती. अंगात काळा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. गळ्यापासून निघून, खांद्यावरून वळत थेट मनगटापर्यंत गेलेली नारिंगी पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही कडांना जाड, उठून दिसणारी शिवण. परदेशी पाठवून उरलेला माल आठवडे बाजारात येतो, त्यातलाच असणार. मैत्रीण तिला म्हणाली, "भारी दिसतोय गं." ती म्हणाली, "सर्फिंगवाल्यांची फॅशन आहे." मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं आणि मान खाली घातली. तो टी-शर्ट कुणाच्याही अंगात दिसला की माझं असंच होतं.

त्या टी-शर्टाचा पॅटर्न मी काढला. निदान आमच्या कारखान्याच्या कागदांवर तसं लिहिलेलं आहे. खरं सांगायचं तर ती पट्टी, ते खांद्यावरचं वळण, काखेतला पानाच्या आकाराचा तुकडा, सगळं डाळजच्या बिरूआबांचं. आणि बिरूआबांनी जन्मात कधी समुद्र पाहिलेला नाही.

डाळजला हायवेच्या कडेला माझं माहेर. आमचं घर आणि आबांचं पंक्चरचं दुकान यांच्यामध्ये एक कडुनिंब आणि एक गटार एवढंच अंतर. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवेचा पंप आणि पाण्यानं भरलेलं, निम्मं कापलेलं पिंप. त्या पिंपावर आबांची देवाइतकी श्रद्धा. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. एखादा ट्रकवाला घाईनं म्हणायचा, "आबा, खिळा दिसतोय की. तिथंच लावा पॅच." आबा मान वर न करता म्हणायचे, "खिळा दिसतोय त्यो तुला. न दिसणारा मला दिसू दे." आणि पॅच लावून झाला की ट्यूब पुन्हा पिंपात. तशी बुडवून पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाची ट्यूब परत दिल्याचं मला आठवत नाही. एकदा खुद्द त्यांच्या मुलानं लावलेला पॅच त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर बुडवून बघितला. मुलगा दोन दिवस बापाशी बोलला नाही. आबांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "पाण्याला कुठं म्हाईत हाय त्यो माझा ल्योक हाय म्हणून?" असं त्यांनी सुनेला विचारलं.

पण गावोगाव आबांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. आमच्याकडं धरणाचं पाणी पार शेतांच्या बांधापर्यंत येतं. काठाकाठानं शेतकऱ्यांच्या मोटारी, आणि मोटारींचे पाइप लांब पाण्यात सोडलेले. पाइपच्या टोकाला जाळीचा फुटवॉल असतो. त्यात गवत, गाळ, फाटकं जाळं अडकलं की मोटर नुसती घरघरते आणि पिकाला थेंब मिळत नाही. मग आबांना बोलावणं. कमरेला दोर, हातात पाना, दोराचं दुसरं टोक वर कुणाच्या तरी हातात. आबा बुडी मारायचे आणि खाली चाचपडत फुटवॉल मोकळा करून यायचे. एका कामाला वीस-पंचवीस बुड्या सहज लागायच्या.

त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती विकून बरीच वर्षं झाली, पण आबांनी ती पाण्याखाली सांभाळून ठेवली होती. खाली किती वेळ दम धरायचा याचं त्यांचं घड्याळ म्हणजे मेंढरांची नावं. चांदी, बांडी, ठेंगणी, काळतोंडी... एकीचं नाव मनात घ्यायचं, ती डोळ्यांसमोरून पुढं गेली की दुसरीचं घ्यायचं. हौशी सगळ्यात मागं राहणारी, म्हणून तिचं नाव आलं की वर यायचं. दोर धरणाऱ्याला बुडीच्या आधी सांगून ठेवायचे, "बापूराव, ह्यो वाल खोल हाय. ईस मेंढरं जातील. तवर दोर वढू नगा." बापूराव भिगवणच्या बाजूचे मोठे बागायतदार, पण दोर धरून मुकाट मेंढरं मोजत उभे राहायचे.

थंडीत मात्र दम संपायच्या आधी अंग संपायचं. पौष-माघात पाण्यातून वर आलं की वारा हाडापर्यंत जायचा. यावर आबांनी जे जे उपाय केले ते मी लहानपणापासून बघत आले. सगळ्यात आधी त्यांनी जुन्या घोंगडीची बंडी शिवली. सगळे हसले, कारण भिजलेली घोंगडी म्हणजे दगड. आबा म्हणाले, "मेंढरू पावसात भिजतं, मरतंय का? लोकर वली झाली तरी ऊब सोडत न्हाय." ते खरंही होतं. पण बंडीचं ओझं फार, दम लवकर जायचा.

मग त्यांनी ट्रकच्या ट्यूबा कापून, सोल्युशननं चिकटवून एक अंगरखा केला. पाणी आतच येऊ द्यायचं नाही असा बेत. गळ्याशी दोरी आवळून, फुगलेल्या तोंडानं आबा पाण्यात उतरले, तेव्हा निम्मं डाळज काठावर होतं. अंगरख्यात हवा राहिली होती, त्यामुळं ते बुडेचनात. बुचासारखे तरंगत राहिले. लोक पोट धरून हसले. आबांनी चिडून गळ्याची दोरी सैल केली, हवा निघाली आणि पाणी शिरलं ते इतकं की चौघांनी दोर ओढून त्यांना बाहेर काढलं. काठावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "अडवून उपेग न्हाय. पाणी आत येतंच. आलेल्याला हलू द्यायचं न्हाय. ते बसलं की आपल्या अंगानं ऊन हुतंय."

पुढं मी शिवणकामाचं शिक्षण घेऊन बारामतीत कपड्यांच्या कारखान्यात सॅम्पलिंगला, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवायला, लागले. गुडघ्याचे पट्टे शिवायचं एक काम आमच्याकडं आलं होतं. त्याचं फुगीर, स्पंजासारखं रबर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं तलम कापड मी पहिल्यांदा हाताळलं आणि मला आबाच आठवले. उरलेली कात्रणं मी साहेबांना विचारून पिशवीत भरली आणि डाळजला नेली. आबांनी एक तुकडा पिळला, वाकवला, गालाला लावला, आणि अर्थातच पिंपात बुडवला. "ह्यात बुडबुडं कोंडल्यात," ते म्हणाले. पुढचे दोन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही.

तो झाला त्यांचा पाणकोट. कात्रणं लहान, म्हणून तुकड्याला तुकडा जोडलेला. हात वर करून पाना फिरवताना खांदा अडायला नको म्हणून शिवण खांद्यावर न ठेवता गळ्यापासून वळवून बाहीवर नेलेली. काखेत पानाच्या आकाराचा तुकडा, हात सुटा राहायला. वळणावर नारिंगी पट्टी, कारण गढूळ पाण्यात दोर धरणाऱ्याला आबांचे खांदे दिसले पाहिजेत. आणि शिवण! आधी कडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेल्या. मग बारीक वाकड्या सुईनं घातलेले टाके, जे रबराच्या निम्म्या जाडीत शिरून तिथूनच परत वर यायचे. आतून हात फिरवला तर एक टाका लागायचा नाही. "आरपार भोक पाडलं तर त्यो कोट कशाचा? चाळण झाली," आबा म्हणायचे. त्या हिवाळ्यात ते दोन-दोन तास पाण्यात राहून हसत वर आले. काठावर चहा पिताना मला म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळं ह्या वयात पुन्ना जवान झालो बघ."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मिरवलं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्याला परदेशातल्या एका गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर मिळायची होती. त्यांना लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या लोकांच्या धाटणीचे कपडे हवे होते. साहेबांनी सॅम्पलिंगच्या भिंतीवर फोटो लावले आणि मी त्या कपड्यांबद्दल मिळेल ते वाचू लागले. वाचताना हसूच आलं. थंड समुद्रातले ते लोक आधी लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात उतरत, तेल-मेण फासून. मग रबरी कपडे आले, आणि नंतर बुडबुडे कोंडलेल्या रबराचे. थोडं पाणी आत घ्यायचं आणि अंगानं तापवायचं. पहिल्यांदा सगळे काळेच. पुढं रंगीत पट्टे आले. मग ज्यांचा पाण्याशी काही संबंध नाही ते रस्त्यावर तसलेच पट्टे, तसल्याच शिवणी मिरवू लागले. घोंगडी, ट्यूब, कात्रणं. हे सगळं एका माणसानं आमच्या कडुनिंबाखाली एकट्यानं केलं होतं.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. माझी तीन सॅम्पलं नापास झाली होती आणि चौथं गेलं तर ऑर्डरही जाणार होती. रविवारी मी डाळजला गेले आणि आबांकडं पाणकोट मागितला. म्हटलं, नुसता बघायला, मापं घ्यायला.

आबांनी तो खुंटीवरून काढला आणि घोंगडीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "गुरवारी बापूरावाकडं वाल हाय. बुधवारपातूर आण. आन एक. कायबी कर, शिवण उसवू नगो."

"न्हाय उसवत, आबा."

पूर्ण कपड्यावरून पॅटर्न काढता येतो. वर कागद धरायचा, टाचण्या लावायच्या, वळणावळणानं आखत जायचं. दीड-दोन दिवसांचं किचकट काम. सोमवारी दुपारी साहेबांचा फोन आला, उद्या सकाळी सॅम्पल पाहिजे. मी ब्लेड घेतलं.

आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, यात काही विशेष नाही. कपडा उसवायचा, तुकडे कागदावर ठेवायचे, कडा आखायच्या. कपडा काय, पुन्हा शिवता येतो. रोज शेकडो कपडे उसवून शिवणाऱ्या माणसाच्या हाताला यापलीकडं काही कळतच नाही. आबांची ती निम्म्या जाडीतली शिवण मी टराटरा कापली. सॅम्पल सकाळी तयार होतं. मग पाणकोटाचे तुकडे घेऊन मी फ्लॅटलॉक मशीनवर बसले. एकाच वेळी चार सुया खालीवर होतात, दोन कडा जोडून वर जाड दोऱ्याची जाळी विणतात. नारिंगी दोरा लावला. अर्ध्या तासाच्या आत काम उरकलं. शेजारच्या मशीनवरच्या बायका उठून बघायला आल्या. आणि मला, काय सांगू, अभिमान वाटला. वाटलं, आबांच्या ओबडधोबड कामाला आपण जरा रूप दिलं.

बुधवारी संध्याकाळी कोट परत केला. आबांनी तो उलटा करून मांडीवर घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"उसवलास का गं?"

"न्हाय आबा. वरनं दोरा टाकलाय नुसता. मजबुतीला."

इतक्या सहज बोलले मी. आबांचा कोट धरलेला हात सवयीनं पिंपाकडं गेला. बाही पाण्याला टेकणार तेवढ्यात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कोट परत मांडीवर घेतला. "तू म्हणतीस तर कशाला बुडवून बघायचं?" असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली, "मंगल, पोरीला च्या टाक." मी चहा प्यायले. बिस्किटंही खाल्ली. आणि सहाच्या गाडीनं बारामतीला आले.

शनिवारी मंगलवहिनीचा फोन आला. "आबांना बारामतीला आणलंय, दवाखान्यात. गुरवारी पाण्यात गेले आन गारठले. म्हनं कोटातनं पाणी वाहत व्हतं. हात वळंनात, पाना सुटून गेला. बापूराव म्हणले वर या, सोडा. तर ऐकतायत व्हय? पुन्ना पुन्ना जातच व्हते. वर आले तवा व्हट निळं. रातीपासनं ताप. डॉक्टर न्युमोनिया म्हणतोय."

फोन ठेवून मी सॅम्पलिंगमध्ये गेले. त्या रबराचे दोन तुकडे त्याच मशीनवर जोडले, खोलगट धरले आणि वर पाण्याची बाटली ओतली. खालच्या बाजूनं प्रत्येक टाक्यातून एकेक थेंब बाहेर आला. चार सुयांच्या चार रांगा, एकही भोक चुकलं नाही. हे बघायला मला पाच मिनिटं लागली. बुधवारच्या आधीही पाचच मिनिटं लागली असती.

दवाखान्यात आबा खाटेवर उशाला टेकून बसले होते. नाकाला नळी. बापूराव स्टुलावर, अपराध्यासारखे. "मीच वर वढायला पायजे व्हतं," ते मला म्हणाले. "पर कोटाला झालं काय? गेल्या साली तर नामी चालला."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, बापूरावांकडं बघितलं. "कोटाला काय धाड भरलीया? वय झालं माझं. थंडी मानवली न्हाय."

मी तिथं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सिस्टर आली, म्हणाली, गर्दी करू नका. मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून घृणा येते. डॉक्टरांनी मंगलवहिनीला बजावलं, यापुढं थंड पाणी बंद. बुडी तर नाहीच.

त्याच आठवड्यात सॅम्पल पास झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठून सुचलं हे?" मी म्हणाले, "असंच. धरणाचं पाणी बघताना." टाळ्या वाजल्या. मला सॅम्पलिंगची प्रमुख केलं. हातात गुच्छ घेतलेला माझा फोटो नोटीस बोर्डावर लागला आणि तो उतरवा असं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. माल निघाला तेव्हा त्यातला एक टी-शर्ट मी आबांना नेऊन दिला. भेट म्हणून. त्यांनी घडी मोडली, पट्टी बघितली, काखेतलं पान चाचपलं, आणि "बेस हाय" एवढंच म्हणाले.

मग मी डाळजला जाणंच कमी केलं. आईला सांगायचे, काम फार आहे.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून जावं लागलं. दुपारची वेळ. आबा दुकानासमोर खुर्चीत बसले होते, बरेच वाळलेले, आणि अंगात तो टी-शर्ट. मंगलवहिनी म्हणाली, "रोज त्योच घालत्यात. धुवायलाबी काढून देत न्हाईत." मागं खुंटीवर पाणकोट लटकत होता. त्याच्या एका बाहीवर शिवणीच्या कडेनं सोल्युशनचे बारीक ठिपके होते, एकाला लागून एक, भोकाभोकावर. कोपरापर्यंत आले होते आणि तिथं थांबले होते.

एक ट्रकवाला ट्यूब घेऊन उभा होता. "आबा, टी-शर्ट जोरात हाय," तो म्हणाला.

"मग! आमच्या प्रज्ञाची शिवण हाय ही," आबांनी माझ्याकडं बोट केलं. "परदेशात जातीया."

ट्रकवाल्यानं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. तो चहाला पलीकडं गेला तशी मी आबांच्या खुर्चीशी खाली बसले. एवढं वाक्य मी गाडीत किती वेळा घोकलं होतं. "आबा, मी कोट उसवला व्हता."

"ठावं हाय."

"कवा कळलं?"

"चांदीलाच," आबा म्हणाले. चांदी म्हणजे पहिलं मेंढरू.

"मग वर का न्हाय आलासा?"

"काम घेतलं व्हतं." "राग आला व्हता. लई. पाण्यात राग आला की दम निम्मा हुतो." मग टी-शर्टाच्या पट्टीवर अंगठा फिरवत म्हणाले, "ह्यातनंबी पाणी जातंय. पर कोरड्यातल्या माणसाला त्याचं काय?"

मी म्हणाले, "मी कारखान्यात सांगते आबा, तुमचं नाव सांगते." ते म्हणाले, "सांग की." त्यात आग्रह नव्हता आणि नकोही नव्हतं. मी अजून सांगितलेलं नाही. हे सगळं लिहिते आहे, पण अजून साहेबांच्या केबिनचं दार वाजवलेलं नाही.

ट्रकवाला परत यायची वेळ झाली. आबांनी ट्यूब माझ्यापुढं सरकवली. "मला आता गार पाण्यात हात घालू देत न्हाई ही मंगल. तू लाव."

मी ट्यूब पिंपात दाबली, बुडबुडा शोधला, ट्यूब पुसून कोरडी केली, खरडली, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, पॅच बसवला आणि लहानपणी बघितलं होतं तसं वरून ठोकलं. चांगला बसला होता. कडा कुठं उचललेल्या नव्हत्या.

"झालं, आबा."

आबा खुर्चीतून पुढं वाकले. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी आधी पॅचकडं बघितलं, मग पिंपाकडं.

"बुडवून दाव," ते म्हणाले.